कॉलेजचा 'ए प्लस प्लस' कसा वाचायचा?

प्रश्न : मुलीला एमएचटी-सीईटीत ९१ पर्सेंटाइल आहेत. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करायचंय. पुण्यातली दोन कॉलेजं आवाक्यात दिसतात. एकाला नॅकची 'ए प्लस प्लस' श्रेणी आहे, जाहिरातीत 'शंभर टक्के प्लेसमेंट' आहे, गुगलवर ४.६ रेटिंग आहे. दुसरं जुनं, नॅक 'ए', गुगलवर ३.८, पण ओळखीतले लोक तेच घ्या म्हणतात. ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमात, वर कोणतं टाकावं? – एक आई, अहिल्यानगर

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलेल्या सगळ्या आकड्यांत एक गोष्ट राहून गेलीय. मुलगी चार वर्षं बसणार कॉम्प्युटर विभागात, आणि यातला एकही आकडा त्या विभागाचा नाही.

नॅक, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद, संपूर्ण संस्थेला श्रेणी देते. चारपैकी ३.५१ किंवा जास्त गुण म्हणजे 'ए प्लस प्लस', ३.०१ ते ३.२५ म्हणजे 'ए'. बरेचसे गुण संस्थेनेच भरलेल्या माहितीवरून मिळतात आणि श्रेणी साधारण पाच वर्षं चालते, म्हणून आधी प्रमाणपत्रावरची तारीख बघा. मग कॉलेजच्या वेबसाइटवर नॅकची ग्रेडशीट शोधा. त्यात सात निकषांचे गुण वेगवेगळे दिलेले असतात. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजसाठी १००० पैकी ३५० गुण दुसऱ्या निकषाला, म्हणजे शिकवणं आणि मूल्यमापन यांना असतात. दोन्ही कॉलेजांची ही एक ओळ शेजारी ठेवलीत तर एकूण श्रेणीपेक्षा बरंच जास्त कळेल. एक कॉलेज स्वायत्त असेल तर निकषांचा भार बदलतो, तेव्हा एकूण गुणांची नव्हे, त्या निकषाच्या चारपैकी सरासरीची तुलना करा.

एकेका शाखेला मान्यता देते ती एनबीए, म्हणजे राष्ट्रीय मान्यता मंडळ. तिच्या वेबसाइटवर कॉलेजचं नाव टाकलं की कोणती शाखा कोणत्या तारखेपर्यंत मान्यताप्राप्त आहे ते दिसतं. कॉलेज 'एनबीए मान्यताप्राप्त' म्हणून मिरवतं आणि मान्यता असते फक्त मेकॅनिकल आणि सिव्हिलला, असं होतं. एआय-डेटा सायन्ससारख्या नव्या शाखेला मान्यता नसेल तर तो दोष धरू नका, कारण आधी बॅचेस बाहेर पडाव्या लागतात. पण त्याचा अर्थ असाही की त्या शाखेचा निकाल अजून कोणी पाहिलेला नाही.

आता प्लेसमेंट. 'शंभर टक्के' हे कशाचे, ते विचारा. बहुतेकदा ते 'पात्र आणि नोंदणी केलेल्या' मुलांचे असतात. साठ टक्क्यांच्या खालचे आणि बॅकलॉग असलेले आधीच वगळलेले असतात. कधी एकाच मुलाच्या तीन ऑफर तीनदा मोजल्या जातात. सर्वात मोठं पॅकेज एका मुलाचं असतं, त्यावरून बाकीच्यांचं काही कळत नाही.

यावर चांगला उपाय म्हणजे कॉलेजच्या वेबसाइटवरचा 'एनआयआरएफ' (केंद्र सरकारचं कॉलेज-रँकिंग) विभाग. रँकिंगसाठी भरलेली माहिती कॉलेजला तिथे ठेवावी लागते. रँक बाजूला ठेवा, पीडीएफ उघडा आणि 'यूजी, ४ वर्षे' हा प्लेसमेंटचा तक्ता काढा. त्यात तीन बॅचेस असतात. समजा पहिल्या वर्षाला प्रवेश ४८०, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले ६०, वेळेत उत्तीर्ण ४००, नोकरी २४०, उच्च शिक्षण ४०, मध्यक पगार (पगार क्रमाने लावले तर बरोबर मधला) वर्षाला ४ लाख. म्हणजे ५४० पैकी १४० मुलं चार वर्षांत बाहेरच पडली नाहीत आणि नोकरी मिळाली ती निम्म्याहून कमी मुलांना. तरी हेच कॉलेज फलकावर शंभर टक्के लिहू शकतं. माझ्या मते या तक्त्यातले दोन आकडे सगळ्यात बोलके : वेळेत उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण आणि मध्यक पगार. सरासरी पगार चार-पाच मोठ्या पॅकेजांनी फुगतो, मध्यक फुगत नाही. मात्र हा तक्ता सगळ्या शाखांचा एकत्र असतो. कॉम्प्युटरचे वेगळे आकडे प्लेसमेंट ऑफिसकडे लेखी मागा; टाळाटाळ झाली तर तीही नोंदवून ठेवा.

सीईटी सेलच्या मागच्या तीन वर्षांच्या कटऑफ याद्याही बघा, पण आपला रकाना बघा. 'एलओपीईएन' म्हणजे मुलींसाठीच्या खुल्या जागा, त्यापुढे शेवटी 'एच' असेल तर होम युनिव्हर्सिटी, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांच्या जागा. अहिल्यानगर पुणे विद्यापीठात येत असल्याने पुण्यात तो तुम्हाला लागू. कटऑफवरून पालकांचा ओढा कळतो आणि वर्गात कशी मुलं असतील ते कळतं. शिकवण्याबद्दल मात्र तो काही सांगत नाही.

गुगलचं रेटिंग उघडून 'नवीन आधी' लावा. पाच ताऱ्यांचे, एका ओळीचे अभिप्राय जून-जुलैत, म्हणजे प्रवेशाच्या दिवसांत, गठ्ठ्याने आले असतील तर ते सोडून द्या. तीन ताऱ्यांचे वाचा. त्यांत लॅब, हॉस्टेल, परीक्षा असं नेमकं काहीतरी असतं. ३.८ मधली नाराजी मेसच्या जेवणाबद्दल असेल तर ती वेगळी, शिक्षक सारखे सोडून जातात याबद्दल असेल तर ती गंभीर.

ओळखीच्यांना एवढंच विचारा : तुमचं मूल कोणत्या शाखेत, कोणत्या वर्षी पास झालं? दहा वर्षांपूर्वीच्या मेकॅनिकलचं कौतुक आजच्या कॉम्प्युटरला लागू होत नाही.

शेवटी एक चक्कर मारा, कामाच्या दिवशी आणि मुलीला घेऊन. कॉम्प्युटर विभागात तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन-तीन मुलींना विचारा : मागच्या सेमिस्टरला किती विषयांचे शिक्षक मध्येच बदलले? प्रॅक्टिकलला एका मशीनवर किती जणी? मायनर प्रोजेक्ट कोणी तपासला? तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईचा निकष वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. कागदावर तो सगळेच पाळतात, वर्गात काय घडतं ते या मुली सांगतील.

फीसाठी कॉलेजच्या पत्रकावर न जाता शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेला आकडा बघा.

माझं मत विचाराल तर : जुन्या कॉलेजच्या कॉम्प्युटरला एनबीए चालू असेल आणि वेळेत उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण जास्त असेल, तर 'ए' असूनही तेच वर टाका. उलट निघालं तर 'ए प्लस प्लस' वर. हे सगळं ऑप्शन फॉर्म कन्फर्म करण्याआधीच करा, कारण पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की, होते आणि पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही.