आधी शिकाऊ, मग सल्लागार

प्रश्न : मी स्थापत्य अभियंता आहे, वय २९. परदेशातील एका ग्रामीण पाणीपुरवठा प्रकल्पावर दोन वर्षांसाठी माझी निवड झाली आहे. आजवर आराखडे आणि अंदाजपत्रके पुष्कळ केली, पण हातपंप कधी उघडून पाहिलेला नाही. तिथल्या लोकांना मी काय शिकवणार, अशी धास्ती वाटते. वरिष्ठ म्हणतात, ‘नम्र राहा, सगळे जमेल.’ नम्र राहायचे म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर : वरिष्ठांचा सल्ला चुकीचा नाही, परंतु तो स्वभावाविषयी आहे आणि तुमचा प्रश्न कामाविषयी. ज्याला पंप उघडता येत नाही त्याने पंप उघडणाऱ्याच्या हाताखाली काही महिने राबावे, इतकाच साधा अर्थ मी त्या सल्ल्याचा घेतो.

पंपाचेच उदाहरण घेऊ. १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने भारतात विकसित झालेला इंडिया मार्क २ हा हातपंप पुढे आफ्रिकेतील अनेक देशांतही पोहोचला. त्याच्या मूळ रचनेत पाइपांच्या तळाशी असलेल्या सिलिंडरमधील दट्ट्याचे चामड्याचे वायसर बदलायचे असेल, तर विंधन विहिरीतील पाइपांची सगळी रांग वर ओढावी लागते आणि त्यासाठी खास अवजारे व अनेक हात लागतात. १९८० च्या दशकात मलावी व केनियात विकसित झालेल्या आफ्रिदेव पंपात मात्र पाइप जागेवर ठेवूनच दट्ट्या वर काढता येतो. कागदावर हा फरक यांत्रिक दिसतो. त्यामागे खरा प्रश्न असा होता, की पंप बंद पडल्यावर दुरुस्तीला दुरून पथक येण्याची वाट पाहायची, की गावातल्याच माणसांनी ते काम करायचे.

मीही तुमच्यासारखाच गेलो होतो. देखभालीचे वेळापत्रक मी कार्यालयात बसून आखले, ते सुबक होते आणि निरुपयोगी होते. पंपाची देखरेख करणारी बाई रोज सकाळी पहिले पाणी येईपर्यंत किती वेळा हापसावे लागते ते मोजत असे. संख्या वाढू लागली की तळाची झडप गळते आहे, हे ती पंप बंद पडण्याच्या कितीतरी आधी ओळखी. झडप रात्रभर गळली की पाण्याचा स्तंभ खाली उतरतो, हे कारण मला पाठ होते, पण मोजायचे मात्र सुचले नव्हते. त्यानंतर मी वेळापत्रक बाजूला ठेवले आणि तिला विचारू लागलो. (आरंभी ती हसत असे, आणि ते योग्यच होते.)

जाण्यापूर्वी एखाद्या नळकारागिराकडे बसून पाइपाला आटे पाडणे आणि पाना नीट धरणे शिकून घ्या. तिथली भाषा दोन वर्षांत पूर्ण येणार नाही. तरी अंक, अभिवादन आणि ‘पुन्हा दाखवाल का?’ हे वाक्य पहिल्या महिन्यातच यायला हवे. चुकलात तर सर्वांसमोर ‘मी चुकलो’ म्हणा, कारण तुमची चूक झाकण्यासाठी गावकरी गप्प बसू लागले, की पुढची खरी माहिती तुमच्यापर्यंत येतच नाही.

एक इशारा मात्र देतो. नम्रतेच्या नावाखाली मौन धरू नका. शौचालयाचा खड्डा विहिरीच्या फार जवळ खणला जात असेल, किंवा आधार न लावलेल्या खोल चरात कोणी उतरत असेल, तर त्याच क्षणी स्पष्ट बोलणे हे तुमचे कर्तव्य आहे. तुमच्या पदवीचा उपयोग तिथेच आहे. पैशांच्या हिशेबातही संकोच नको.

मासिक अहवालात ‘काय केले’ या रकान्याशेजारी ‘कोणाकडून काय शिकलो’ असा एक रकाना स्वतःहून घाला आणि शिकवणाऱ्याची परवानगी घेऊन त्याचे नावही लिहा. वरिष्ठांना ते विचित्र वाटेल, वाटू द्या.