सुपरहिरोंच्या रोल-प्लेइंग खेळात पात्रं कशी बनवावीत, म्हणजे सगळे मिळून खेळतील?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात तुम्ही म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स हा सुपरहिरोंचा खेळ चालवायला घेतलाय, म्हणजे गोष्ट तुम्ही मांडता आणि मित्र आपापलं पात्र होऊन ती पुढे नेतात. एकाचं पात्र उडतं, एकाचं अदृश्य होतं, तिसऱ्याला कुणी हरवूच शकत नाही, आणि दोन-तीन सत्रांत तिघं तीन दिशांना गेले. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सांगलीत, विश्रामबागला, मैत्रिणीच्या घरी दर रविवारी दुपारी खेळ चालवते. खेळणारे तिघं. आमची पहिली मोहीम, म्हणजे सत्रामागून सत्र चालणारी एक सलग गोष्ट, चार महिन्यांत मोडली. तिघांनी आपापल्या घरी बसून पात्रं बनवून आणली होती आणि त्यातल्या कुणालाच दुसऱ्याची गरज नव्हती. उडणारा कड्यावरून उतरायचा, बलवान दार फोडायचा, मन वाचणारी गुन्हेगाराकडे बघून सगळं रहस्य सांगून टाकायची. मी तयार केलेला पेच पाच मिनिटांत सुटायचा आणि उरलेले दोघं मोबाइलमध्ये डोकं घालायचे.

दुसऱ्या वेळी पहिल्या रविवारी फासे बाहेरच काढले नाहीत. चहा, भडंग, कोरे कागद आणि गप्पा. खेळणाऱ्यांमध्ये याला ‘सेशन झीरो’ म्हणतात. मी प्रत्येकाला एकच विचारलं: तुझी ताकद कुठे थांबते, आणि ती थांबली की इथल्यापैकी कुणाला हाक मारतोस?

त्या दुपारी निघालेली पात्रं मला अजून फार आवडतात. बलवान व्हायचं होतं तो झाला मार्केट यार्डातला हमाल. हळदीची पोती चारचार उचलतो, पण बरोबरच्या हमालांच्या टोळीच्या देखत एकच उचलायचं हे त्याचं त्यानंच ठरवलं. टोळीला कळलं तर मुकादम सगळी कामं त्यालाच देईल आणि बाकीच्यांची मजुरी जाईल. दुसरीनं पाणी घेतलं. ती पाणी ढकलू शकते, अडवू शकते, पण नाहीसं करू शकत नाही. इथून हटवलेलं पाणी दुसरीकडे चढतंच.

तिसरी आधी मन वाचायची. मन वाचणारं पात्र रहस्यकथेचा जीव घेतं, हे मी पहिल्या मोहिमेत शिकले होते. तिचं आजोळ मिरजेचं, सतार बनवणाऱ्यांच्या गल्लीत येणं-जाणं. तिलाच सुचलं, ‘मला तरफेच्या तारेसारखं कर.’ सतारीत वरची तार छेडली की तिच्या सुराला जुळणारी खालची तरफेची तार हात न लावता झंकारते. तसं जवळच्या माणसाची भीती, राग, माया तिच्या अंगात झंकारते. भावना कळते, शब्द कळत नाहीत. कोण घाबरलंय ते ती सांगते, का घाबरलंय ते बाकीच्यांना शोधायला लागतं. एवढ्या एका मर्यादेनं तिघं एकमेकांना बांधले गेले.

आता नियमांकडे. तुमच्या ‘कुणी हरवू शकत नाही’वाल्या मित्राचा कागद एकदा शांतपणे तपासा. या खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत पॉवर लेव्हल (ताकदीची पातळी) १० चं पात्र १५० गुणांत बसवायचं असतं आणि त्यात जोड्या बांधलेल्या आहेत. हल्ल्याचा नेम आणि जोर मिळून २० च्या वर जात नाही. डॉज (लांबचा वार चुकवणं) आणि टफनेस (मार सोसणं) मिळून २०, पॅरी (जवळचा वार अडवणं) आणि टफनेस मिळून २०, फॉर्टिट्यूड (शरीराचा काटकपणा) आणि विल (मनाचा निग्रह) मिळून २०. म्हणजे टफनेस १४ घेतला की डॉज ६ वरच अडकतो. बहुतेक वेळा कुठलीतरी बेरीज चुकलेली असते. गणित बरोबर असेल तर त्याचा विल बघा. जो अंगानं अभेद्य आहे तो मनानं तेवढा पक्का क्वचितच असतो, आणि तिथे त्याला दुसऱ्यांची गरज लागते.

त्याच कागदावर कॉम्प्लिकेशन्सचा, म्हणजे पात्राच्या अडचणींचा, रकाना असतो. तो लोक शेवटी घाईत भरतात. तुम्ही तिथून सुरुवात करा. पात्राची अडचण खेळात खरोखर आडवी आली की खेळाडूला हीरो पॉइंट मिळतो. तो खर्चून वीस बाजूंचा फासा परत टाकता येतो, आणि परत टाकल्यावर १० किंवा त्याखाली आलं तर त्यात १० मिळवायचे. आमच्या हमालाला टोळीसमोर पोतं खाली ठेवायला लागलं की मी लगेच पॉइंट द्यायचे. दोन-तीन सत्रांनी तो स्वतःच विचारायला लागला, ‘आज टोळी इथं असेल का?’ अडचणीची किंमत देण्याची ही कल्पना जुनी आहे. १९८१ च्या चॅम्पियन्स या सुपरहिरोंच्याच खेळात पात्राला दुबळेपणा घेतला की ताकदीसाठी जादा गुण मिळायचे. फरक असा की तिथे गुण सुरुवातीलाच हातात पडतात, आणि इथे अडचण प्रत्यक्ष आली तरच. मला दुसरी पद्धत जास्त पटते, कारण कागदावर लिहून विसरलेली अडचण कुणाच्या कामाची नसते.

सांगलीकर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८४३ साली इथे विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. त्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं त्या प्रसंगावर आपल्या शब्दांत तिथल्या तिथे भाषणं करायची. गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, आणि खेळाडूंचं नातं मला हेच वाटतं. प्रसंग मी मांडायचा, बोलायचं त्यांनी. म्हणून पात्राला पहिल्या दिवशी पानभर पूर्वकथा नको. ज्याच्यावर बोलायला तोंड उघडावंच लागेल असा एक प्रसंग हवा.

त्या मोहिमेचा शेवट आम्ही कृष्णेच्या पुरात केला. आधी प्रत्येकाला वेगळं विचारलं, कारण २०१९ च्या महापुरात एकीच्या घरात पाणी होतं. ती म्हणाली, ‘चालेल, पण जनावरं वाहताना दाखवू नकोस.’ मी दाखवली नाहीत. तुमच्याही टेबलवर खऱ्या दुखण्याचा प्रसंग आणणार असाल तर हे नक्की विचारा.

पावसाळ्यात सांगलीत कुणीही कुणालाही फोन केला की पहिला प्रश्न ‘आयर्विनला किती?’, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९ ला ते ५७ च्या पुढे गेलं होतं. मी त्या दिवशी फक्त आकडे वाचत गेले. ४३. ४६. ४९. पाणीवाली म्हणाली, ‘मी पुलाच्या वर अडवते.’ मी विचारलं, ‘मग ते चढणार कुठे?’ हमाल खेळणारा मूळचा भिलवडीचा, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा. त्यानं फासे खाली ठेवले आणि म्हणाला, ‘आमच्याकडं नको.’ पुढे ढकलावं तर खाली हरिपूरला, जिथे वारणा कृष्णेला मिळते, वारणा आधीच फुगलेली. बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग तरफवाली म्हणाली, ‘नदी राहू दे. गावभागातल्या कुठल्या घरात माणसं अडकलीत ते मला कळतंय.’ तिथून सगळं जुळलं. तिनं भीती झंकारेल ती घरं दाखवायची, पाणीवालीनं नावेपुरती एक चिंचोळी वाट संथ ठेवायची, आणि हमालानं दोर ओढायचा. टोळी काठावर उभी होती. त्या सगळ्यांसमोर त्यानं भरलेली नाव एकट्यानं ओढून आणली. त्याला पॉइंट द्यायचं मी विसरले, आणि त्यानंही मागितला नाही.

तुमच्याकडे हे साताऱ्याच्या पद्धतीनं होईल. उडणाऱ्याला अजिंक्यताऱ्यावर उभा करा. तिथून अख्खं शहर त्याला दिसतं, म्हणजे त्यानं उडी घेतली की अख्ख्या शहरालाही तो दिसणार. खाली राजवाड्यापाशी त्याला ओळखणारं कोण उभं आहे, ते त्यालाच सांगू द्या. आणि त्या माणसाची नजर दुसरीकडे वळवायचं काम अदृश्य होणाऱ्याला द्या.