वाचकांचे प्रश्न: सेवियातली फ्लेमेन्कोची बैठक

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं स्पेनला जातोय, मी, नवरा, आई आणि बारा वर्षांची मुलगी. माद्रिद, सेविया, ग्रानादा असे आठ दिवस आहेत. टूरवाले म्हणतायत जेवणासकट फ्लेमेन्को शो (तिथलं गाणं, गिटार आणि नाच) घ्या. आई शाकाहारी आहे आणि भाषा तर आमच्यातल्या कुणालाच येत नाही. घ्यावा का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर: ताई, फ्लेमेन्को बघाच, पण जेवणासकट नको. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हेच केलं होतं, मोठा हॉल, मला खांबाशेजारची खुर्ची, गाणारा जीव तोडून गातोय आणि बाजूच्या टेबलावर काटे-चमचे वाजतायत, वेटर मध्येच येऊन विचारतोय गोड काय आणू. पैसे गेले त्याचं काही नाही, पण फ्लेमेन्को म्हणजे हे असंच काहीतरी असतं असं वाटून मी दोन दिवस गप्प होते. जेवण देणारे सगळेच वाईट असं नाही हां, माद्रिदचं कोराल दे ला मोरेरिया १९५६ पासून चालू आहे आणि नाच आणि जेवण दोन्हीसाठी नावाजलेलं आहे, फक्त खिशाला जड आहे.

तुम्ही सेवियात छोटा हॉल बघा. कासा दे ला मेमोरिया आहे, क्रिस्तिना ओयोस या नर्तकीने सुरू केलेलं फ्लेमेन्को म्युझियम आहे, तिथेही संध्याकाळी शो असतात. तासाभराचा कार्यक्रम, तिकीट साधारण वीस ते तीस युरो. खुर्च्यांवर नंबर नसेल तर अर्धा तास आधी जाऊन उभं राहा, कारण पुढच्या दोन रांगा आणि मागच्या रांगा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढे बसलं की पाय दिसतात. बुटांच्या टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे ठोकलेले असतात, मंच लाकडी फळ्यांचा असतो (फ्लेमेन्कोच्या अशा जागेला ताब्लाओ म्हणतात, तो शब्दच त्यावरून आलाय) आणि तो आवाज आपल्या खुर्चीच्या पायातून वर येतो. मी बसले होते तिथे नर्तकीने गिरकी घेतली तेव्हा घामाचे थेंब फळीवर उडाले, काळे ठिपके पडले आणि पुढच्याच ठेक्यात तिच्या बुटाखाली पुसले गेले. माईक नव्हता.

भाषेचं म्हणाल तर आईंची काळजीच करू नका. त्यांना गाण्याची आवड असेल तर तुमच्या आधी त्याच रमतील. नाच डोळ्यात भरतो, पण या सगळ्याचा जीव गाण्यात आहे, त्याला कान्ते म्हणतात. गायक सुरुवातीला नुसता 'आय' असा लांब सूर धरतो, शब्दच नाहीत, आणि तेवढ्यातच पोटात कालवतं. गायक ओळ गात असतो तेव्हा नर्तकी पाय आवरते, हातांनी, खांद्यांनी बोलते, ओळ संपली की पाय सुटतात. मग ती एक जोरकस ठेका मारून खूण करते, त्याला यामादा म्हणतात, आणि गिटारवाला आणि गायक दोघं ती ओळखून पुढे सरकतात. गिटारवाल्याकडे जरा लक्ष ठेवा, तो स्वतःच्या बोटांकडे फार बघतच नाही, नजर सगळी तिच्या पायांवर, आपल्याकडे कथ्थकला तबलजी बसतो ना अगदी तसा.

मुलगी तबला किंवा कथ्थक शिकत असेल तर तिला सांगून ठेवा, सोलेआ नावाच्या प्रकारात बारा मात्रा असतात आणि जोर तीन, सहा, आठ, दहा, बारा यांवर येतो. आपल्याला पहिल्या मात्रेवर सम शोधायची सवय, इथे गिटारची ओळ बरेचदा दहाव्यावर येऊन बसते. मला ते कळायला अख्खा कार्यक्रम लागला, मुलांना लवकर कळतं.

जेवण नंतर करा. सातचा शो घ्या, तिकडे लोक नऊच्या पुढेच जेवतात. आईंसाठी सेवियात पालक आणि छोले मिळतात, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस म्हणून मागायचं. साल्मोरेखो हे टोमॅटोचं गार सूप छान लागतं, पण वर हॅम आणि अंडं घालतात, ते घालू नका असं आधीच सांगा.

प्रश्न: मध्ये टाळ्या वाजवल्या, ओले म्हटलं तर चालतं का? व्हिडिओ काढू देतात का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: ठेक्यावर टाळ्या अजिबात नको. मंचावरचे लोक वाजवतात त्याला पाल्मास म्हणतात, ते वाद्यच आहे, खोलगट तळव्याची दबकी टाळी वेगळी आणि बोटांची खणखणीत वेगळी. आपण हौसेने मध्ये घुसलो की त्यांचा ताल बिघडतो. ओले मात्र म्हणा की! बैठकीत आपण 'क्या बात है' म्हणतो तसंच आहे, आतून आलं आणि जागेवर आलं तर कलाकार खूष होतात. फोन खिशात ठेवा. बऱ्याच छोट्या हॉलमध्ये मनाई असते आणि शेवटची काही मिनिटं फोटो काढू देतात. त्याच शेवटच्या मिनिटांत बहुतेक वेळा बुलेरियास हा जलद तालाचा प्रकार रंगतो, गायक पुढे येऊन दोन पावलं नाचतो, कधी गिटारवालाही गिटार ठेवून येतो, तेव्हा फोटोपेक्षा डोळे उघडे ठेवा असं माझं मत.

प्रश्न: फ्लेमेन्को कथ्थकपासून निघालं असं वाचलं, खरं का? (वाचक, पुणे)

उत्तर: असं सरळ म्हणता येत नाही आणि लोक फारच बिनधास्त म्हणतात. फ्लेमेन्को घडलं दक्षिण स्पेनच्या आंदालुसियात, खितानो लोक (स्पेनमधले रोमा म्हणजे जिप्सी), तिथले स्थानिक, अरबी वळणाचं संगीत, सगळ्यांचं मिळून. पण खितानोंचे पूर्वज भारतातून गेले हे भाषेवरून पक्कं दिसतं. स्पेनमध्ये त्यांची नोंद १४२५ पासून मिळते, आणि १७४९ मध्ये राजाच्या हुकुमाने हजारोंना एका फटक्यात पकडलं, बायका-पुरुष वेगळे करून डांबलं. मार्तिनेते नावाचा गाण्याचा प्रकार आहे, लोहारांच्या भट्टीशी नातं सांगणारा, त्याला गिटार नसते, नुसता गळा आणि कधी ऐरणीवर हातोडा. तो ऐकायला मिळाला तर सोडू नका. आणि खितानोंच्या कालो बोलीत पाण्याला काय म्हणतात माहितीये? पान्यी.