पत्र कोणाचं घ्यायचं

प्रिय मुली,

मंगळवारी स्टाफरूमच्या दाराशी तू तिसऱ्यांदा तेच विचारलंस, "मॅडम, फेलोशिपच्या अर्जाला शिफारसपत्र प्राचार्यांचं घेऊ की बाईंचं?" तिन्ही वेळा माझं उत्तर एकच होतं, तिन्ही वेळा तू नुसती मान हलवून गेलीस. म्हणून लिहून देते. ज्यांनी तुझं काम डोळ्यांनी पाहिलंय, त्यांचंच पत्र घे.

तुझं कुठे अडतंय ते कळतं. बाई तासिका तत्त्वावर शिकवतात, नावामागे डॉक्टर नाही. तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप, देशभरातून अर्ज, तिथे त्यांचं पत्र कोण विचारणार? पण पहाटेच्या ओहोटीला कोपरीच्या खाडीकाठी तुझ्याबरोबर गुडघाभर चिखलात कोण उभं होतं? ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, फ्लेमिंगो बघायला ऐरोलीला गर्दी होते. तू बसलीस चिखलातल्या निवटी माशांची बिळं मोजत. मोजणीसाठी चिखलावर ठेवायची पहिली चौकट भरतीत वाहून गेली, तर दुसऱ्या दिवशी बांबूच्या कामट्यांची नवी बांधून आणलीस. हे मला बाईंनीच सांगितलं. प्राचार्यांना तुझा रोल नंबर तरी ठाऊक आहे का?

इन्स्पायर या सरकारी शिष्यवृत्तीची गोष्ट वेगळी. ती बारावीच्या गुणांवर मिळते, वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पाचे. ती तुझी हुकली, विषय संपला. या फेलोशिपला तुला दोन महिने संशोधनासाठी हाताखाली घ्यायचं का, हे तुला कधीही न भेटलेला माणूस ठरवणार. काम बिघडलं की ही मुलगी काय करते, हे त्याला कोण सांगणार? ज्याने पाहिलंय तोच.

१९९१ साली मी एका मोठ्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. वडिलांनी ओळख काढून एका बड्या माणसाचं पत्र आणलं. तीन ओळी: सुशील, होतकरू, वर्तन उत्तम. मुलाखतीचं बोलावणं आलंच नाही. पत्रामुळेच हुकलं असं छातीठोक सांगता येत नाही, पण सलतं ते वेगळंच. ज्यांच्याकडे दोन वर्षं खेकड्याच्या कल्ल्यांचे छेद घ्यायला शिकले, ते सर स्वतःहून म्हणाले होते, "मी लिहून देऊ का?" मी म्हटलं, "नको सर, झालंय." ते "बरं" म्हणाले आणि काचपट्ट्या पुसत राहिले.

म्हणूनच ज्यांचं काम पाहिलं नाही त्यांना मी पत्र देत नाही. गेल्या वर्षी एका पालकांनी सुनावलं, दोन ओळी लिहिल्या तर काय बिघडतं? बिघडतं. मी सगळ्यांनाच गोड लिहिलं, तर जिच्यासाठी खरंच लिहिते तिच्या पत्राला काय किंमत राहील? खडूस म्हणतात, म्हणू देत. तुलाही नाही म्हटलं ते याचसाठी. वर्गात शिकवलं मी, खाडीत मी नव्हते.

आता उद्याच बाईंकडे जा. त्यांना निदान तीन आठवडे दे. नोंदवही, अर्जाचा मजकूर आणि शेवटची तारीख हातात ठेव. चुकलेल्या मोजणीची पानं फाडू नकोस, त्यांना तीच लागतील. आणि प्राचार्यांचं जमलं नाही म्हणून आले, असं चुकूनही म्हणू नकोस.