फडताळातला कुंदा

चि. पोरास,
अनेक आशीर्वाद.

तुझी तीन पानं मिळाली. मध्येच पेन बदललंस, म्हणजे एका बैठकीत लिहून झालं नाही हे कळलं. मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण पहिल्यांदा सुचलं ते शाळेतल्या बाईंचं उत्तर होतं. 'आई ती आईच' वगैरे. ते गावात चार जणांनी तुला ऐकवून झालं असणार.

आठ वर्षांनी तुझी आई आली, सोप्यात बसली, बेळगावच्या स्टँडजवळून आणलेला कुंदा, ती खव्याची मिठाई, तुझ्या हातात दिला आणि तू तो फडताळात ठेवून परड्यात निघून गेलास. रात्री सगळे झोपल्यावर अंधारात उभ्याउभ्या बोटानं खाल्लास. मग आज्जीला फसवल्यासारखं वाटून पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. पत्रात बाकी बरंचसं आत्या काय म्हणाली आणि पप्पा काय म्हणाले तेच आहे. कुंद्याच्या चार ओळी तेवढ्या तुझ्या स्वतःच्या.

आज्जीनं आठ वर्षं डबा भरला, तापात उशाशी बसली. ते बोटभर कुंद्यानं पुसलं जात नाही. आणि तिनं सकाळी डबा उघडून बघितला असणार, हे मी पैजेवर सांगते. काही बोलली नाही ना? मग झालं तर.

आता माझं सांगते. मी सात वर्षांची असताना माझी आई माहेरी गेली ती गेलीच. परतली तेव्हा मी तेरा वर्षांची. कारणं इथं लिहीत नाही. दोन्हीकडच्या माणसांनी मला दोन वेगळी सांगितली आणि दोन्ही अर्धीच होती. ती आली त्या दुपारी जेवायला बसलो तर तीच वाढत होती. मला पाणी हवं होतं, तांब्या तिच्या हातात. मी तिच्याकडे न बघता चुलीपाशी बसलेल्या काकूला हाक मारली, "काकू, पाणी." आईनं तांब्या खाली ठेवला. फरशीवर आवाज होऊ नये म्हणून आधी बुडाशी बोटं टेकवली, मग हळूच काढून घेतली. ती बोटं मला अजून दिसतात. त्या वेळी मात्र बरं वाटलं होतं, तेही लपवत नाही.

पुढे बी.एड.ला असताना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमधली हकीकत वाचली. तिथल्या दवाखान्यांत मुलांना ठेवलं की आईबापांना भेटायला फार क्वचित सोडत. मुलांच्या मनाचा अभ्यास करणारे जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बाउल्बी या दोघांनी तशी मुलं पाहिली. आधी रडून गोंधळ, मग नुसतं पडून राहणं, आणि शेवटी एकदम शहाण्यासारखं वागणं. नर्सबायांना वाटे, मूल रुळलं. आई न्यायला आली की हेच रुळलेलं मूल तोंड फिरवी, जणू ओळखतच नाही. पुढे घरी गेल्यावर चिडचिड सुरू होई आणि मग तिचा पदर सुटत नसे. बाउल्बींचं म्हणणं, पुन्हा तसंच दुखू नये म्हणून मूल मन आधीच काढून घेतं. ते वाचताना मला तांब्या आठवला. तू परड्यात गेलास त्यात उद्धटपणा होता असं मला वाटत नाही. आत्याला वाटू दे.

'आई म्हण' असा सगळ्यांनी धोशा लावलाय म्हणतोस. येत नसेल तर म्हणू नकोस. मी जवळजवळ वर्षभर हाकच मारली नाही. मराठीत त्याची सोय बरी आहे. 'जेवण झालं?' एवढं विचारलं की कुणाला विचारलं ते सांगावं लागत नाही. तुझ्या तोंडून मात्र 'तुम्ही' गेलं. आपल्याकडे आईला कुणी अहोजाहो करत नाही, त्यामुळे ते तिला लागलं असणार. लागू दे. फक्त लागलंय हे तुला ठाऊक असू दे.

'ती तुला न्यायला आलीय' हे पप्पांचं बोलणं तू दोनदा लिहिलंस. भीती खरी ती आहे. तर ऐक. मुलाचा ताबा कुणाकडे हा वाद कोर्टात गेलाच, तर १९५६च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यानं मुलाचं हित सगळ्यांत वर धरायचं असतं. १८९०चा पालक आणि पाल्य कायदा सांगतो की मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छाही कोर्ट विचारात घेऊ शकतं. तू पंधरा पूर्ण केलीस. तुला गाठोड्यासारखं उचलून कुणी नेणार नाही. हे पप्पांनाही वाचून दाखव, त्यांचीही झोप उडालेली दिसते.

निरोप पोचवायचं काम अंगावर घेऊ नकोस. 'तिला विचार', 'त्यांना सांग' सुरू झालं की सरळ म्हण, तुमचं तुम्ही बोला. इकडचा का तिकडचा, हा प्रश्न आपल्या सीमाभागात पाळण्यापासून कानावर पडतो. दुकानाची पाटी कुठल्या भाषेत, एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, दुकान उघडं का बंद. घरात तरी तो कुणाला विचारू देऊ नकोस.

'का गेलीस?' हे विचारायचा तुला हक्क आहे. पण सोप्यात, चार माणसांत नको. मी एकोणिसाव्या वर्षी विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "चुकलं असेल, खरं तवा मला तेवढंच सुचलं." बस्स, एवढंच. सहा वर्षं मनात घोळवलेल्या प्रश्नाला हे उत्तर! पुढं कितीतरी वर्षं मी त्यावर धुमसत होते, अजूनही ते पुरेसं वाटत नाही. तुलाही असलंच काही मिळेल, ते धरून विचार.

तोवर समोरासमोर बसणं टाळ. सगळे बघताहेत आणि दोघं गप्प, यासारखी शिक्षा नाही. खानापूरला मलप्रभेच्या घाटापर्यंत चालत जा, नाहीतर तिला घेऊन बाजार करून ये. हाताला पिशवी असली की तोंडाला बोलायची सक्ती राहत नाही. एस.एस.एल.सी.चं, म्हणजे दहावीचं वर्ष आहे, तेव्हा फक्त रविवारी ये म्हणून सांग. सबब खरी आहे आणि कुणाला राग येणार नाही.

रात्री फारच जड झालं आणि मला फोन करायचा संकोच वाटला, तर टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. पैसे पडत नाहीत आणि रात्रीही उचलतात.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की ये. गणिताची वही आण. मागच्या वेळी भूमितीत केलेला घोळ अजून निस्तरायचा आहे.

तुझ्या बाई