अनुभवी शिक्षकांना एकत्रित विज्ञानाकडे कसं वळवायचं?

वीस-वीस वर्षं एकच विषय शिकवलेल्या शिक्षकांना भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र एकत्र शिकवायला कसं तयार करायचं, असं तुम्ही विचारलंय. मी मूळची जीवशास्त्राची. या बदलातून स्वतः गेलेय, म्हणून लिहिते.

या मंडळींना आडमुठं समजू नका. आपल्या विषयात मुलं कुठे अडखळणार, हे त्यांना तोंडपाठ असतं. विषय येणं आणि तो शिकवता येणं यातला हा फरक अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली नेमका मांडला होता. दुसऱ्या विषयाच्या तासाला हीच शिदोरी हाताशी नसते. पाठ वाचून जाता येतं, पण मुलांनी आडवा प्रश्न विचारला की घशाला कोरड पडते.

म्हणून दोन विषयांचे दोन शिक्षक आणि एकच पाठ, एवढ्यावरच सुरुवात करा. आमचा पाठ श्वसनाचा होता. एटीपी म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू. त्याबद्दल मी वर्षानुवर्षं सांगत आले होते, ‘एटीपीतला बंध तुटला की ऊर्जा मिळते.’ रसायनाचे सर त्याच मुलांना सांगायचे, ‘बंध तोडायला ऊर्जा लागते.’ एका मुलीने दोन्ही वह्या शेजारी ठेवून विचारलं, ‘मॅडम, यातलं खरं काय?’ मला उत्तर देता आलं नाही. मधल्या सुट्टीत सरांनी कागदावर मांडून दाखवलं: बंध तोडायला ऊर्जा लागतेच, पण एटीपीची पाण्याशी अभिक्रिया होऊन जे नवे बंध तयार होतात, त्यात त्याहून जास्त ऊर्जा सुटते. हिशेब करून उरते ती मोलमागे साधारण ३० किलोज्यूल. त्या ऊर्जेवर स्नायू कसा आकुंचन पावतो, ते मग मी त्यांना सांगितलं. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना काही शिकवलं, ते पहिल्यांदाच.

अशा जोडीला आठवड्यातून एक ऑफ तास एकाच वेळी मिळाला पाहिजे. वेळापत्रकात तो नसेल, तर बाकी प्रशिक्षणाचा फारसा उपयोग होत नाही, हे मी अनुभवाने सांगते. पहिल्या वर्षी एकमेकांच्या तासाला मागे बसू द्या, मात्र त्यावर शेरे-गुण नकोत. अनोळखी प्रयोग आधी स्वतः करून पाहायला प्रयोगशाळा उघडी ठेवा. आणि सगळंच जोडायचा हट्ट धरू नका. भिंगाच्या किरणाकृतीत ओढूनताणून पेशी आणायची गरज नसते.

मुख्याध्यापकांनी आणखी एक करावं. ‘हे मला आत्ता येत नाही, उद्या पाहून सांगते’ असं वर्गात म्हटलेलं चालेल, हे सगळ्या शिक्षकांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावं.