‘पिंकर्टन’ला तेव्हा नावं का ठेवली?

प्रश्न : वीझर या अमेरिकन बँडचा ‘पिंकर्टन’ हा दुसरा अल्बम आज सगळे डोक्यावर घेतात. पण तो आला तेव्हा त्याला बरीच नावं ठेवली गेली, असं वाचलं. तेव्हाच्या समीक्षकांना तो कळलाच नाही का? आणि आता ऐकायचा तर कसा ऐकू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : माझ्या मते कळला होता. त्यांना जे खटकलं ते त्या अल्बममध्ये खरोखरच आहे.

१९९४चा निळ्या मुखपृष्ठाचा पहिला अल्बम ‘द कार्स’ या बँडच्या रिक ओकासेकने निर्माता म्हणून घोटून घेतला होता. गोड चाली, जाड पण स्वच्छ गिटार. लाखो प्रती खपल्या. त्यानंतर गायक-गीतकार रिव्हर्स क्युओमो हार्वर्डला शिकायला गेला. आखूड पाय लांब करण्याची वेदनादायक शस्त्रक्रिया झालेली, हातात काठी, सोबतीला कुणी नाही आणि डोक्यात पुच्चिनीचा ऑपेरा ‘मादाम बटरफ्लाय’. त्यात जपानी मुलीशी लग्न करून तिला टाकून जाणारा अमेरिकन नौदल अधिकारी म्हणजे पिंकर्टन. क्युओमोने अल्बमला नाव दिलं ते या माणसाचं!

या वेळी बँडने निर्माता घेतलाच नाही. ड्रम फाटल्यासारखे वाजतात, गिटारी किंचाळतात आणि शब्दांत वासना, मत्सर, स्वतःची कीव सगळं उघडं पडलेलं. सप्टेंबर १९९६मध्ये अल्बम आला, बिलबोर्डच्या अमेरिकेतल्या खपाच्या यादीत १९व्या क्रमांकापर्यंत जाऊन घसरला. ‘रोलिंग स्टोन’ या संगीत-मासिकाच्या परीक्षणाला गीतलेखन पोरकट वाटलं. तरी ते परीक्षण निव्वळ झोडपणारं नव्हतं. खरा कठोर कौल त्याच मासिकाच्या वाचकांचा होता. वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांमध्ये त्यांनी याला बसवलं. पहिल्या अल्बमच्या गोडीने आलेल्यांना फसवल्यासारखं वाटलं असणार.

क्युओमोला हे फार लागलं. २००१मध्ये एका मुलाखतीत त्याने स्वतःच या अल्बमला भयंकर म्हटलं, लोकांदेखत झालेली चूक म्हटलं. त्याच वर्षीच्या तिसऱ्या अल्बमसाठी ओकासेक परत आला, गाणी पुन्हा नीटनेटकी झाली. मला त्या नीटनेटकेपणाचं आजही वाईट वाटतं. तोवर इकडे मुलं ‘पिंकर्टन’ एकमेकांना ऐकवत होती, त्यातूनच बँड काढत होती. २००४मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने पुन्हा परीक्षण करून पाच तारे दिले, २०१०च्या नव्या आवृत्तीला ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक संकेतस्थळाने दहापैकी दहा.

पण म्हणून १९९६चा आक्षेप खोटा ठरत नाही. ‘अॅक्रॉस द सी’ घ्या. जपानमधल्या अठरा वर्षांच्या चाहतीचं पत्र येतं आणि हा तिच्या खोलीची, कपड्यांची कल्पना करत बसतो. मी ते गाणं अस्वस्थ झाल्याशिवाय ऐकू शकत नाही. पण इतकी लाजिरवाणी गोष्ट इतक्या सुरेल चालीत, काही न लपवता सांगणारा रॉक गायक मला दुसरा सापडलेला नाही. पोरकट? हो. पण स्वतःला पिंकर्टन म्हणवून घेणाऱ्याला ते माहीत होतं, असं मी मानतो.

ऐकताना आधी निळा अल्बम पूर्ण ऐका, मग लगेच हा. दहाच गाणी आहेत, जेमतेम ३५ मिनिटं. क्रम बदलू नका, कारण एवढ्या गोंगाटानंतर शेवटी येणारं ‘बटरफ्लाय’ अकूस्टिक गिटारवर आहे आणि त्यात तो माफी मागतो. २०१०च्या आवृत्तीतली जादा गाणी नंतर कधीतरी ऐका.